डाव्या गालातली देवी

डॉक्टरांनी कापसाचा बोळा चिमटीत पिळून त्याची बारीक वात केली आणि लिंबाजीच्या डाव्या नाकपुडीशेजारी ती नुसती टेकवली. लिंबाजीनं डॉक्टरांचं मनगट पकडलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्यातली तीस वर्षं मैलकुली म्हणून सरकारी रस्त्यांवर खडी फोडण्यात गेलेली. ती पकड काही साधीसुधी नव्हती. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. सिंधुनं बापाची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

लिंबाजीचं तोंड डावीकडे वर ओढलं गेलं होतं. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि तो जागच्या जागी थिजला होता. मिनिटभरानं कळ ओसरली. समोरच्या भल्या माणसाला आपण इजा केली, या शरमेनं त्यानं हात जोडले.

"लागलं का सायेब?"

"मला नाही. लागलं ते तुम्हाला," डॉक्टर मनगट चोळत म्हणाले. मग त्यांनी औषधाच्या जाहिरातीच्या एका कागदाची पाठकोरी बाजू पुढे ओढली आणि तिच्यावर एक चेहरा काढला. चित्रकला बेताचीच होती. "हे बघा. चेहऱ्याला जाणीव देणारी एक शीर असते. कानाच्या पुढून, आत खोलातून निघते. तिला तीन फांद्या. एक कपाळाला जाते, दुसरी गालाला, नाकाला आणि वरच्या ओठाला, तिसरी खालच्या जबड्याला. तुमची दुसरी फांदी बिघडली आहे. वारा लागला, पाणी लागलं, घास चावला, बोलायला तोंड उघडलं, की तिला वाटतं कुणी सुरी फिरवली. दात किती काढून घेतलेत?"

"दोन. अहमदपूरच्या बाजारात."

"चांगले होते ते."

लिंबाजीनं मान हलवली. गेलेल्या दातांचं त्याला आता काही वाटत नव्हतं. त्याला दुसरंच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तो थोरलवाडीहून नांदेडपर्यंत एसटीत गालाला उपरण्याची घडी लावून, खिडकीकडे पाठ करून आला होता.

"सायेब, म्हंजे ही शीरच हाय? दुसरं काही न्हाई?"

"दुसरं काय असणार?"

सिंधु या नांदेडच्याच दवाखान्यात नर्स होती. तिनं मान फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

दुसरं जे काही होतं ते थोरलवाडीत होतं.

लातूरचा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि पाऊस रुसून दोन. आधी साध्या कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता जिल्हा दाराशी आला म्हणून गावानं गुलाल उधळला होता. दुष्काळ पडल्यावर टँकरही आला, नाही असं नाही. पण तो गावच्या हौदात रिकामा व्हायचा, आणि त्या हौदाला भीमनगरनं हात लावायचा नाही ही गावाची अट. भीमनगर हौदापासून दोनशे पावलांवर, आणि तिथपर्यंत पाइप पुरत नाही, असं ड्रायव्हर दर खेपेला तोंड वर करून सांगायचा. भीमनगरचा हातपंप माघातच कोरडा पडला. बाया नदीच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरू लागल्या. चैत्रात पोरांना हगवण लागली आणि कोंडाबाईचा दीड वर्षाचा नातू गेला. लिंबाजीनं लातूरला जाऊन अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. पोच काही पिता येत नाही.

गावात जिवंत झऱ्याची विहीर एकच उरली होती, शेषेराव पाटलाची. तिथे भीमनगरच्या बायांना वर चढायची मुभा नव्हती. त्यांनी खाली उभं राहायचं, गड्यानं वरून ओतायचं, घरटी एक घागर, तीही गड्याची मर्जी असली तर. वैशाखातल्या एका मंगळवारी लिंबाजी तिथे गेला, दोन घागरी मागायला. भांडायला गेला नव्हता. पाटलाची आई पार्वतीबाई विहिरीच्या कट्ट्यावर जपमाळ घेऊन बसलेली. लिंबाजी म्हणाला, "पाटलीणबाई, लेकरं मरून राहिली..." आणि तेवढ्यात नदीकडून गरम वाऱ्याची एक झुळूक आली.

ती त्याच्या डाव्या गालाला लागली, आणि दोन दात काढूनही न थांबलेली कळ पुन्हा उसळली. तोंड वर ओढलं गेलं, मान एका अंगाला झटकली, दातखीळ बसल्यासारखा तो उभ्याउभ्या थरथरला. पार्वतीबाईच्या हातातली माळ गळून पडली.

"सटवाजीचं लेकरू ते! आईनं वळख दिली गं बया!"

सटवाजी म्हणजे लिंबाजीचा बाप. मरीआईचा पोतराज. हलगीच्या तालावर स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढून घेत त्यानं चाळीस वर्षं या गावाची साथ आणि दुष्काळ हाकलला, आणि त्या बदल्यात गावानं त्याला शिळ्या भाकरी दिल्या. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर लिंबाजीनं बापाच्या कमरेपर्यंत पोचलेल्या जटा स्वतःच्या हातानं कापल्या होत्या. म्हातारा कात्रीखाली मुकाट बसला, पण पुढे कित्येक दिवस डोक्याला फडकं गुंडाळूनच घराबाहेर पडायचा. आपण बापाला मोकळं केलं की बोडकं केलं, हे लिंबाजीला कधी नीट ठरवता आलं नाही. एवढं मात्र त्यानं ठरवलं होतं, की या घरात पुन्हा कुणाच्या अंगात येणार नाही.

आणि आता पाटलीण त्याच्या पायांवर डोकं ठेवत होती. 'बाई, हा आजार हाय', एवढे चार शब्द बोलायचे होते. पण बोलायला ओठ हलवला की कळ दुप्पट उसळायची, म्हणून तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. ज्याला नाही म्हणता येत नाही त्यानं हो म्हटलं असं धरायची गावाची जुनी रीत. तो बोलण्याजोगा झाला तोवर पार्वतीबाईनं रहाटाचा दोर भीमनगरच्या बायांच्या हातात दिला होता, आणि कोंडाबाई, साठ वर्षांत पहिल्यांदा, त्या विहिरीच्या कट्ट्यावर चढून स्वतःच्या हातानं पाणी शेंदत होती. खाली एक पोर ओंजळीनं घटाघटा पीत होतं. लिंबाजीनं ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

तो उद्या काही उजाडला नाही. घरटी चार घागरी सुरू झाल्या. काल-परवापर्यंतचा 'लिंब्या' आता गावाचा 'लिंबाजीबुवा' झाला. गालाला वस्तरा लागू देता येत नव्हता म्हणून दाढी वाढली, तर लोक म्हणाले नवस आहे. तोंड धुता येत नव्हतं, तर म्हणाले सोवळं आहे. देवीही मोठी चोखंदळ, तिला माणसाचा नेमका डावा गालच पसंत पडला होता.

भीमनगरची तऱ्हा निराळी. लग्न असो की मयताचं पुण्यानुमोदन, वीस वर्षं वस्तीत वंदना लिंबाजी घ्यायचा. बुद्धपौर्णिमेला कोंडाबाईच्या पुतणीचं लग्न होतं. त्याला बोलावणं आलं ते जेवायला. वंदनेसाठी अहमदपूरहून दुसरा माणूस आणला होता. ज्याच्या अंगात येतं त्यानं त्रिशरण म्हणायचं का, असा सवाल पंचांनी केला म्हणे. तेच पंच आपापल्या घरच्या चार घागरी रोज न चुकता मोजून घेत होते. लिंबाजी त्या लग्नाला गेला नाही. असल्या माणसांच्या पंगतीत भाकर गिळायला नुसता गाल बरा असून भागत नाही.

सिंधुला हे सगळं जेठात सुटीवर आल्यावर कळलं. तिनं आईला फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं बापाला नांदेडला नेलं.

डॉक्टरांनी दिलेली गोळी होती मिरगीवरची, पण या शिरेलाही लागू पडणारी. दिवसातून दोन, आणि एकही चुकवायची नाही. पहिले चार दिवस लिंबाजी गुंगीत भिंतीला धरून चालला. पाचव्या दिवशी त्यानं ज्वारीची भाकर डाव्या दाढेखाली, म्हणजे दाढ होती त्या जागेखाली, धरून चावली आणि काहीच झालं नाही. दहाव्या दिवशी त्यानं दाढी केली. त्या संध्याकाळी त्यानं घरातल्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून सबंध वंदना म्हटली, एका दमात, कुठेही न अडखळता. सरजाबाई दारात बसून ऐकत होती. नवऱ्याचा आवाज इतका मोठा आहे हे ती विसरूनच गेली होती. तिला रडू आलं.

बरं होण्याचं सुख त्याला पुरते पाच आठवडे लाभलं.

आषाढ निम्मा सरला. आभाळात ढगाचं नख नव्हतं. एका दुपारी शेषेराव पाटील आपल्या राजदूतवरून भीमनगरात आला. गाडीवरून न उतरता त्यानं एक पाय जमिनीला टेकवला.

"लिंबाजीबुवा, म्हातारी म्हणून राहिली, देवी उठून गेली म्हून. पाच हप्ते झाले, वारं न्हाई. इहिरीचं पाणी बी खाली चाललंय. येत्या मंगळवारी आखाडाचा नैवेद्य हाय इहिरीवर. आई आली तर तुमची रांग चालू. न्हाई आली तर मंग आपापलं बघा."

लिंबाजी बाजेवरून उठला. आता त्याला बोलता येत होतं.

"पाटील, वारं कधी नव्हतंच. शिरेचा आजार होता. नांदेडच्या डॉक्टरनं गोळी देली, बरा झालो."

आपल्या या बोलण्यानं काहीतरी मोठं घडेल असं त्याला वाटलं होतं. शेषेराव हसला नाही की चिडलाही नाही. त्यानं आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला काय सांगता? मी काय येडा हाव का? पर देवीच्या नावानं तुमच्या बाया वर चढल्या तर कुणी तोंड उघडत न्हाई. माणसाच्या नावानं चढवल्या तर माझी भावकी मला गावात बसू देईल का? तुमीच सांगा."

पाटलानं गाडीला किक मारली.

त्या रात्री जेवताना सरजाबाईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"गोळी खाऊ नका म्हणत न्हाई मी," ती म्हणाली. "पर मंगळवारी जराशीक मान हलवा. तोंड वाकडं करा. कोणाला काय कळून राहिलंय?"

"सोंग करू?"

"कोंडाबाईची दुसरी नात बी तान्हीच हाय."

"सरजा, मी सोंग करणार न्हाई. बापाच्या जटा कापल्या मी या हातानं."

"जटा कापून पाणी आलं का?" ती म्हणाली, आणि लगेच तिलाच आपल्या बोलण्याची भीती वाटली. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. त्यानं ती खाल्ली, कारण न खाणं म्हणजे तिच्यावर रागावणं झालं असतं, आणि त्याला तिचा राग आलाच नव्हता. ती म्हणत होती त्यात खोटं काय होतं, हेच त्याला सापडत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यानं पाकिटातून गोळी काढली, तळहातावर ठेवून थोडा वेळ पाहिली आणि पुन्हा कागदात गुंडाळून पेटीत, दीक्षेच्या वेळच्या पांढऱ्या सदऱ्याखाली ठेवली. संध्याकाळची गोळीही तिथेच गेली. रविवारी ओठाच्या कोपऱ्यात मुंगी चालल्यासारखं झालं. सोमवारी पहिली कळ आली. तो परसात गेला, चिंचेच्या बुंध्याला कपाळ टेकवून उभा राहिला, आणि कळ गेल्यावर परत येऊन बसला. सरजाबाईला म्हणाला, पोट बरं नाही, कण्या पातळ शिजव.

मंगळवारच्या नैवेद्याचं कानावर गेलं म्हणून सोमवारी सांजच्या एसटीनं सिंधु आली. तिचं ठरलं होतं.

"बाबा, उद्या तुम्ही नका बोलू. मी बोलते सगळ्यांपुढं. हा आजार हाय, हे औषध हाय, अन् पाणी आमच्या हक्काचं हाय. मी नर्स हाय, माझं ऐकतील."

"ऐकतील," लिंबाजी म्हणाला. एवढंच बोलणं त्याला झेपण्यासारखं होतं.

सिंधुला वाटलं बाप उद्याच्या काळजीनं गप्प आहे. तिनं रात्रीची गोळी स्वतः काढून त्याच्या हातावर ठेवली. तो पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला आणि परत आला तेव्हा मूठ रिकामी होती. लेकीला फसवल्याचं त्याला वाईट वाटलं. कळेपेक्षाही ते जास्त टोचलं.

मंगळवारी विहिरीवर सगळं गाव लोटलं होतं. लिंबाच्या डहाळ्या, हळद, दहीभाताचे द्रोण. हलगी तापवून ठेवली होती. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला रिकाम्या घागरी घेतलेलं भीमनगर. पंचही आले होते, जरा मागे उभे राहून. सिंधु रांगेत कोंडाबाईच्या मागे उभी होती. हातात आईची घागर होती. चारचौघांत काय बोलायचं याची तिची मनात उजळणी चालली असावी, कारण तिचे ओठ हलत होते.

लिंबाजी गालावर उपरणं धरून कट्ट्यावर चढला. पार्वतीबाई हळदीची वाटी घेऊन पुढे आली, तर त्यानं कपाळ मागे घेतलं. लोकांत कुजबुज झाली. हलगी वाजायला लागली. वाजली, वाजत राहिली, आणि लिंबाजी खांबासारखा उभा.

"न्हाई येत," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"उठून गेली."

शेषेरावानं हात वर केला. हलगी थांबली. तो रहाटापाशी गेला आणि दोराचं वेटोळं हातात गोळा करू लागला. लिंबाजीकडे त्यानं एकदाच पाहिलं. पाटलालाही ते काही आवडत नव्हतं, असं लिंबाजीला वाटलं. पण आवडत नाही म्हणून त्याचे हात थांबले नाहीत.

"थांबा," सिंधु रांगेतून बाहेर आली. "मला बोलायचंय. माझ्या बाबाला..."

लिंबाजीनं तिला हातानं गप्प केलं. लहानपणीसुद्धा त्यानं तिला कधी असं गप्प केलं नव्हतं. मग त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं, नुकत्याच शेंदलेल्या बादलीवर वाकला, ओंजळ भरली, आणि सकाळी उठल्यावर कुणीही मारतं तसा पाण्याचा हबका आपल्या डाव्या गालावर मारला.

खोल विहिरीचं पाणी, आषाढातही गार. कळ ओठाच्या कोपऱ्यातून निघाली, नाकपुडीपाशी वळली आणि डोळ्याखाली फुटली. ओसरते न ओसरते तोच दुसरी आली, मग तिसरी. जबडा वर ओढला गेला, मान झटकली. त्यानं कट्ट्याचा दगड धरला. आईच्या नावाचा केवढा तरी गजर झाला, हलगी पिसाटली, आणि पार्वतीबाईचं कपाळ त्याच्या ओल्या पायांवर येऊन टेकलं. तिला उठवायला त्याच्यापाशी शब्द नव्हता. आपण सोंग केलं नाही, एवढं एक त्यानं दातांखाली धरून ठेवलं होतं. पण ते कुणाला सांगणार, आणि सांगून त्याचं काय मोल होणार, हे त्याला कळत होतं.

शेषेरावाच्या हातातून दोर सुटला. कोंडाबाई कट्ट्यावर चढली. रहाट करकरला.

लिंबाजीनं उजवा डोळा उघडा ठेवला होता. त्यातून त्याला सिंधु दिसत होती. गर्दीत एकटी तीच गजर करत नव्हती. ती आधी त्याच्या गालाकडे पाहत होती, मग बादलीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिला सगळं समजत जाताना तो पाहत होता. ती आता ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली तर बरं होईल असंही वाटलं, आणि ओरडू नये असंही.

कोंडाबाईची घागर भरली. मागच्या बाईनं सिंधुला कोपरानं ढोसलं. सिंधु वर चढली. तिनं दोर धरला, बादली सोडली, ओढली, घागरीत ओतली. चार वेळा ओतली. बापाच्या बाजूनं उतरताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

खाली आल्यावर घागर कमरेवर सावरून ती रांगेकडे वळली आणि दवाखान्यात वॉर्डातल्या बायांशी बोलायची त्याच मोठ्या, कोरड्या आवाजात म्हणाली,

"गाळून घ्या गं. अन् उकळून मगच पाजा लेकरांना."